शेऱ्याचा रकाना

(दृश्य: ठाणे, तलावपाळी. सकाळची मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) संपून माणसं बाहेर पडताहेत.)

मासुंदा तलावाकाठचं संत जॉन बॅप्टिस्ट चर्च बहुतेक ठाणेकरांना रिक्षावाल्याला खूण सांगण्यापुरतं ठाऊक असतं. गावाची ख्रिस्ती ओळख मात्र पोर्तुगीजांच्याही आधीची आहे. १३२१ साली ख्रिस्ती धर्मप्रचारक तोलेंतिनोचे थॉमस आणि त्यांचे तीन सोबती इथेच मारले गेले. पुढे पोर्तुगीज आले, १७३७ साली मराठ्यांनी ठाणं घेतलं, १७७४ मध्ये इंग्रजांनी. मिस्सा लॅटिनमध्ये होत होती, ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मराठी, इंग्रजी, कोकणीत आली. हे बदल सगळ्यांना दिसतात. जे फारसं बदललेलं नाही, ते पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चला जोडलेल्या वस्तीच्या, ऑफिसातल्या लोखंडी कपाटात असतं.

(दृश्य: कपाट उघडतं. जाड पुठ्ठ्याच्या वह्या.)

बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू. प्रत्येकाची वेगळी नोंदवही. पहिल्या दोन्ही ठेवायचं बंधन कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेनं १५६३ साली घातलं, मृत्यूची वही १६१४ च्या विधिग्रंथानं सांगितली. आज तिन्ही सक्तीच्या आहेत.

बाप्तिस्म्याच्या वहीत एका माणसाला एक आडवी ओळ मिळते. क्रमांक, बाप्तिस्म्याची तारीख, जन्मतारीख, नाव, आईवडील, धर्मपिता, धर्ममाता, पत्ता, धर्मगुरूची सही. क्रमांक दर वर्षी एकपासून सुरू होतो, म्हणून नोंद शोधायला साल लागतंच.

यातल्या दोन तारखा शेजारी ठेवून वाचाव्यात. जुन्या नोंदींत जन्म आणि बाप्तिस्मा यांत अनेकदा मोजके दिवस असतात. बाळंतीण घरी, बाळ धर्ममातेच्या कडेवर. हल्ली हे अंतर महिन्यांवर जातं, कारण मामाला आखातातून सुट्टी मिळायची असते, हॉल मिळायचा असतो. २०२० च्या पानांवर कारण वेगळं. त्या वर्षी मार्चमध्ये बंद झालेली प्रार्थनास्थळं राज्यात १६ नोव्हेंबरला उघडली.

(दृश्य: पानाची उजवी कडा. बोट एका अरुंद रकान्यावर थांबतं.)

खरी गंमत उजव्या कडेला आहे. इथे शेरा लिहितात. दृढीकरण (बाप्तिस्म्याला पूर्णत्व देणारा संस्कार), लग्न, दत्तक, धर्मगुरूपदाची दीक्षा, नन आणि इतर व्रतस्थांची अखेरची शपथ. लग्न रद्द ठरलं, तर तेही. माणूस कुठेही जावो, त्याचा शेरा त्याच्या बाप्तिस्म्याच्या ओळीतच पडतो.

समजा लग्न नेरूळला लागलं. मुलगी ठाण्याची, मुलगा मंगळूरचा. नेरूळच्या ऑफिसातून दोन कळवण्या निघतात, एक ठाण्याला, एक मंगळूरला. ठाण्याचे फादर वर्ष आणि क्रमांक काढून तिच्या ओळीत लग्नाची तारीख, ठिकाण आणि नवऱ्याचं नाव लिहितात, खाली सही करतात, आणि नोंद झाल्याची पोच नेरूळला पाठवतात. ती पोच येईपर्यंत नेरूळच्या लग्नाच्या फाइलचं काम संपत नाही.

फसतं ते इथेच. लग्नांच्या हंगामात चिठ्ठ्या साठतात, एखादी टपालात हरवते आणि पोच आली नाही हे कुणाच्या लक्षात येत नाही. मग विवाहिताची ओळ कोरीच राहते. म्हणूनच लग्नाआधी बाप्तिस्म्याचा नवा दाखला मागतात, साधारण सहा महिन्यांच्या आत काढलेला. घरच्या ट्रंकेतला लॅमिनेट केलेला दाखला कितीही जपलेला असो, त्यावर नंतरचे शेरे नसतात. ‘आमच्याकडे ओरिजिनल आहे’ असं म्हणत माणसं खिडकीशी वाद घालतात. ओरिजिनल असते ती वही.

आणखी एक. लग्नाचा शेरा बाप्तिस्म्याच्या वहीत लिहिण्याचा नियम १९०८ च्या ईस्टरपासून लागू झाला. त्याआधीची ओळ कोरी दिसली म्हणून पणजोबांना अविवाहित ठरवू नये.

(दृश्य: वाशी. स्टेशनबाहेरची गर्दी, मग नव्या इमारतीतलं चर्च.)

१९७० साली नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली, त्यानंतर वसलेल्या या शहरातल्या पॅरिशना जुनी वही नव्हतीच. पहिल्या पिढीच्या ओळी गोव्यात, मंगळुरात, केरळात, तमिळनाडूत. कळवण्या बाहेर जायच्या. आता इथे बाप्तिस्मा झालेली मुलं लग्नाच्या वयाची झाली, आणि बाहेरून कळवण्या यायला लागल्या. नवी पॅरिश रुजली की नाही, हे आम्ही तरी यावरून ओळखू, घंटाघरावरून नाही.

केरळी कुटुंबांत एक चूक नेहमीची. सिरो-मलबार, म्हणजे केरळातल्या पौर्वात्य कॅथलिक चर्चच्या, पद्धतीत बाळाला बाप्तिस्म्याबरोबरच दृढीकरण मिळतं. दाखला नीट न वाचता मुलाला इथल्या दृढीकरणाच्या वर्गात बसवतात. हा संस्कार आयुष्यात एकदाच. १९८८ पासून या लोकांची स्वतःची कल्याणची धर्मप्रांतव्यवस्था आहे, त्यामुळे चौकशी आधी तिकडे करावी.

(दृश्य: पावसाळा. ओघळलेली भिंत.)

वहीचा पहिला शत्रू दमट हवा. कपाट भिंतीला टेकवलं की मागून ओल धरते, म्हणून वीतभर पुढे ठेवतात, खाली लाकडी पाट. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. काही वर्षांत ती पिवळी पडते आणि सुटताना अक्षरंही घेऊन जाते. लॅमिनेशन तर नकोच. ओळ चुकली तर खोडरबर नाही, पांढरा रंग नाही. चूक वाचता येईल अशी एक रेघ, शेजारी दुरुस्ती, तारीख, सही.

संगणकावर नोंदी चढवल्यामुळे शोध सोपा होतो, पण सही वहीतच लागते, आणि शेरा दोन्हीकडे चढवायचा राहिला तर दाखला चुकीचा निघतो. दाखल्यासाठी येणाऱ्यानं बाप्तिस्म्याच्या वेळचं नाव, वडिलांचं नाव आणि साल आणावं. साल नक्की नसेल तर धाकट्या-थोरल्या भावंडांची जन्मसालं सांगावीत, मधली पानं चाळता येतात. आडनावाचं स्पेलिंग घरात दोन प्रकारे होत असेल, तर दोन्ही लिहून द्यावं.