एवढ्याशा जीवाला दोन व्हायल लागतात का?

नमस्कार मंडळी. 17 सप्टेंबर म्हटलं की आपल्या मराठवाड्यात सकाळी झेंडावंदन, मुक्तिसंग्रामाची आठवण, पण 2019 पासून याच तारखेला जगभर रुग्णसुरक्षा दिनपण पाळतात, म्हणून म्हटलं आज औषधाच्या हिशेबाबद्दल बोलू. मी लहान लेकरांच्या वॉर्डात सिस्टर आहे, हा हिशेब माझा रोजचाच.

लेकरू ॲडमिट झालं की आम्ही आधी काट्यावर ठेवतो, तर आई म्हणते, अहो सिस्टर, ताप चढायलाय आन् तुम्ही वजन काय बघायलात! पण माय, बरीचशी औषधं आम्ही किलोवर मोजतो. समजा लेकरू 10 किलोचं आहे आणि डॉक्टरांनी पॅरासिटामॉल किलोला 15 मिलिग्रॅम लिहिलंय, म्हणजे एका वेळी 150. आता बाटली बघायची. एकीत 5 मिलीमागं 125 मिलिग्रॅम असतं, दुसरीत 250, आणि ड्रॉप्समध्ये एकाच मिलीत 100. म्हणजे तेच 150 मिलिग्रॅम पहिलीतून 6 मिली, दुसरीतून 3 मिली आणि ड्रॉप्समधून फक्त दीड. म्हणून घरात "मागच्या वेळी एवढंच दिलं होतं" असं म्हणून बाटली बदलली तरी तेवढंच पाजू नका, खूप जण पाजतात.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीची एक रात्र सांगते. 2.4 किलोचं बाळ, जेन्टामायसिन हे अँटिबायोटिक किलोला 5 मिलिग्रॅम, म्हणजे 12 मिलिग्रॅम, आणि व्हायलमध्ये, म्हणजे इंजेक्शनच्या छोट्या बाटलीत, एका मिलीत 40, म्हणजे भरायचं 0.3 मिली. हिशेब बरोबर केला होता, तेवढ्यात पलीकडून कुणीतरी हाक मारली, सलाईन संपायलंय सिस्टर, मी जाऊन आले आणि डोक्यात नुसता 3 राहिला. व्हायल 2 मिलीची, ती संपली म्हणून दुसरी उचलली तर शेजारच्या सिनियर ताईंनी हात धरला, "एवढ्याशा जीवाला दोन व्हायल लागतात का गं?" दहापट गेलं असतं ओ, आणि हे औषध जास्त झालं की किडनीला आणि कानाला धोका. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

तेव्हापासून मी हिशेब तपासणाऱ्या दुसऱ्या सिस्टरला माझं उत्तर सांगतच नाही, तिनं कागदावर स्वतः करायचं मग दोन्ही जुळवायचे, कारण "0.3 ना गं?" असं विचारलं की घाईत कुणीपण हो म्हणतं. पॉइंटच्या आधी शून्य लिहायचाच, आणि 5 असेल तर नुसता 5, 5.0 नाही, घाईत ते 50 वाचलं जातं.

घरी आजोबांना इन्सुलिन देत असाल तर एक बघा, लाल टोपणाची सिरिंज 40 च्या इन्सुलिनची, म्हणजे एका मिलीत 40 युनिट असलेल्या, आणि केशरी टोपणाची 100 च्या. 100 चं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये 20 च्या रेघेपर्यंत भरलं तर आत 50 युनिट जातात, साखर एकदम खाली येऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो.

आणि दवाखान्यात सिस्टर ट्रेपाशी औषध भरत असली की दोन मिनिटं हाक मारू नका, फारच तातडीचं असेल तर गोष्ट वेगळी. लेकराला घेऊन येताना घरी पाजलेली बाटली सोबत आणा, किती मिली आणि किती वाजता पाजलं तेपण सांगा, म्हणजे आमचा हिशेब तिथूनच सुरू होतो.