काळा हिरा आला कुठून?

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळ्यात डब्याचं झाकण सैल राहिलं की साखरेचं ढेकूळ होतं. दाण्याला दाणा चिकटतो आणि मधे बारीक पोकळ्या राहतात. कार्बोनाडो नावाचा काळा हिरा असाच असतो. खडीसाखरेसारखा एकच स्फटिक नव्हे. असंख्य बारीक हिरे, वाटेल त्या दिशेला तोंड करून, एकमेकांत गच्च बसलेले.

आता सेर्जिओची गोष्ट. ही सांगायला मला फार आवडते. १८९५ साल. ब्राझीलच्या बाहिया राज्यातलं लेनसोइस गाव. सेर्जिओ बोर्जेस दे कार्व्हाल्यो या माणसाला एक काळा धोंडा सापडला. वजन ३१६७ कॅरट! एका ग्रॅमला पाच कॅरट, म्हणजे सहाशे ग्रॅमच्या वर. हो, सहाशे ग्रॅमच्या वर, एकच हिरा! दहा वर्षांनी दक्षिण आफ्रिकेत कलिनन सापडला, तो ३१०६ कॅरट. म्हणजे आपला काळा धोंडाच वजनदार. पण कलिननचे पैलू पाडलेले तुकडे इंग्लंडच्या राजदंडात आणि मुकुटात गेले. सेर्जिओचा हिरा लंडनला गेला आणि तिथे चक्क फोडला गेला. नेहमीचा हिरा ठराविक दिशेने टोला बसला की सरळ चिरतो. याला तशी दिशाच नाही, म्हणून खडक पोखरणाऱ्या ड्रिलच्या तोंडाला हेच खडे हवे असत. उपयोग झाला, हे खरं. तरी तो अख्खा ठेवायला हवा होता. आजीचं तांब्याचं घंगाळ मोडीत निघताना पाहिलं की माझा जीव असाच तुटतो. जागा अडते म्हणून अशी वस्तू काढू नये, या मताचा मी आहे.

असो. हा आला कुठून? नेहमीचे हिरे जमिनीच्या पोटातून किंबरलाइट खडकाबरोबर वर येतात. कार्बोनाडो मिळतो तो ब्राझील आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात, नद्यांनी वाहून आणलेल्या गाळात. हे दोन्ही प्रदेश एके काळी एकाच भूखंडात होते. कुणी म्हणतं, उल्कापाताच्या दणक्याने घडला; कुणी युरेनियमच्या किरणोत्साराकडे बोट दाखवतं. हॅगर्टी आणि गराई या शास्त्रज्ञांनी तर २००६ साली त्यात हायड्रोजनच्या खुणा दाखवून तो ताऱ्यांच्या दुनियेतून आल्याचं मांडलं. पृथ्वीच्या खोल पोटातलाच, असं म्हणणारेही आहेत. पण पुन्हा सांगतो, किंबरलाइटच्या खाणीत कार्बोनाडो अजून मिळालेला नाही.