फील्ड टेस्टमधली उभी रेघ

शिवणकाम करणाऱ्या एक बाई चष्म्याची तक्रार घेऊन आल्या होत्या. तक्ता वाचताना उजव्या डोळ्याने त्या प्रत्येक ओळीतली उजवीकडची अक्षरं सोडायच्या आणि डाव्या डोळ्याने डावीकडची. त्यांना वाटत होतं, नंबर वाढलाय. मी बाहुली मोठी करायच्या थेंबांच्या बाटलीचं लाल टोपण घेतलं, एकेक डोळा झाकायला लावून नाकाकडून कानाकडे सरकवत नेलं. बरोबर मध्यावर त्या म्हणाल्या, "आता फिकं झालं." दुसऱ्या डोळ्यालाही तेच. एमआरआयमध्ये पिट्युटरीची, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीची, गाठ निघाली. कानाकडचं दृश्य आणणारे तंतू कायझमपाशी, म्हणजे दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकत्र येतात तिथे, एकमेकांना ओलांडतात, आणि ही गाठ खालून नेमकी तिथेच दाब देते.

म्हणून मुलांनो, फील्ड टेस्टचा, म्हणजे नजरेचा आवाका मोजणाऱ्या चाचणीचा, रिपोर्ट हातात आला की आधी मधली उभी रेघ बघा. काचबिंदूचा डाग आडवी रेघ पाळतो, कायझम आणि त्यामागचा दोष उभी पाळतो. एकाच डोळ्यात दोष असेल, तर बहुधा कायझमच्या पुढे शोधायचं. दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूचं गेलं असेल, तर कायझमच्या मागे.

आता मशीन. हम्फ्री या फील्ड मशीनची 24-2 टेस्ट 54 बिंदू तपासते, सहा-सहा अंशांवर. आकडे मिळतात, पुढच्या वेळी तुलना करता येते, काचबिंदूसाठी तर ती रोजची सोबतीण. पण मेंदूच्या मागच्या टोकाला छोटा पक्षाघात झाला, तर नजरेच्या मध्याला लागूनच, दोन्ही डोळ्यांत एकसारखं, इवलंसं भोक पडतं. रुग्ण म्हणतो, वाचताना अक्षरं गळतात. हे भोक सहा अंशांच्या जाळीतून निसटू शकतं. तिथे 10-2 करा. तिचे 68 बिंदू दोन-दोन अंशांवर आहेत.

उलट, कानाकडे नजर जवळपास 90 अंशांपर्यंत जाते. तिथली शेवटची कोर त्या एकाच डोळ्याला दिसते, आणि मेंदूच्या मागच्या टोकाकडच्या दृष्टिकेंद्रात तिची जागा अगदी पुढे आहे. मागचा भाग गेला तरी ती कधी कधी वाचते. 24-2 तिथवर पोचतच नाही. गोल्डमनच्या वाडग्यासारख्या यंत्रात, 1945 पासून चालत आलेल्या पद्धतीने, हाताने दिवा सरकवणारा चांगला तंत्रज्ञ ती शोधून देतो. अशी माणसं कमी होत चालली आहेत, याचं मला फार वाईट वाटतं.

नजरेच्या कुठल्या भागाची जागा मेंदूत कुठे, या नकाशाचा मोठा भाग तात्सुजी इनोये या जपानी नेत्रतज्ज्ञाने काढला. 1904-05च्या रशिया-जपान युद्धात डोक्यातून गोळी आरपार गेलेले सैनिक पेन्शनच्या तपासणीसाठी त्याच्याकडे येत. गोळी कुठून शिरली, कुठून निघाली, हे मोजून त्याने प्रत्येकाच्या हरवलेल्या नजरेशी ताडून पाहिलं आणि 1909 मध्ये ते छापलं. मधल्या नजरेला मेंदूत किती मोठी जागा आहे, हे त्यात दिसतं.

तेव्हा उद्या ओपीडीत बसाल, तेव्हा मशीनकडे पाठवण्याआधी ते लाल टोपण हातात घ्या. आणि दोन्ही डोळ्यांचे कागद शेजारी शेजारी ठेवा, डावा डावीकडे, उजवा उजवीकडे.