पोहे खाऊन निघा: वसंतातले चतुर आणि फुलपाखरं

मंडळी, पहिली सूचना अशी की पहाटे उठू नका. पक्षी बघणारे साडेपाचलाच टेकडीवर हजर असतात, त्यांना ते शोभतं. चतुर आणि फुलपाखरं अंग तापल्याशिवाय नीट उडत नाहीत. आपण पोहे खाऊन साडेआठला निघालो तरी चालतं.

वसंत म्हणजे फुलं, आणि फुलं म्हणजे फुलपाखरं, हा हिशोब पुण्यात जुळत नाही. आपल्याकडे फुलपाखरांची खरी झुंबड पावसाळा सरताना. फाल्गुन-चैत्रात वेताळ टेकडीवरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं. गिरिपुष्प तेवढं गुलाबी फुललेलं, पण त्या परदेशी झाडाबद्दल मी बोलायला लागलो तर आजचं व्याख्यान संपायचं नाही.

मग जायचं कशाला? पाणी आटतं म्हणून! पावसाळ्यात जागोजाग डबकी, त्यामुळे चतुरही विखुरलेले. मार्चमध्ये टेकडीवरच्या खाणीत जे पाणी उरतं, त्याच्या काठी सगळे गोळा होतात.

तिथं फिरू नका, बसा. किरमिजी नर एखादी काडी धरून बसतो, दुसरा नर आला की त्याला हुसकावतो आणि बहुतेक वेळा त्याच काडीवर परततो. म्हणून फोटो काढणाऱ्यांनी चतुरामागे न धावता काडीवर फोकस लावून ठेवावा. ऊन चढलं की हाच नर पोटाचं टोक सूर्याकडे रोखून चक्क शीर्षासन केल्यासारखा दिसतो. अंगावर ऊन कमीत कमी पडावं, यासाठी ही कसरत.

काठच्या लव्हाळ्यावर वाळकी कात चिकटलेली सापडेल. पाण्यातली अळी वर चढून तिथंच चतुर झालेली असते. भिंग लावून बघा: पाठीवर चीर, आणि चिरेतून लोंबणारे बारीक पांढरे दोरे. ते तिच्या श्वासनलिकांचं अस्तर.

ओल्या चिखलावर फुलपाखरं सोंड रोवून बसलेली दिसतील. त्यातले बहुतेक नर. त्यांना पाण्यापेक्षा त्यातले क्षार हवे असतात, आणि ते क्षार पुढे मिलनाच्या वेळी मादीला मिळतात.

परतताना मान वर करा. आंब्यावर बांडगूळ दिसलं की आपण नाक मुरडतो, पण हळदीकुंकू हे फुलपाखरू अंडी घालतं ते बांडगुळावरच. मागच्या पंखांची खालची बाजू पिवळीधमक, कडेला लाल ठिपके. नाव कुणी ठेवलं असेल त्याला दाद द्यावी.

आणि ज्यांना टेकडी चढवत नाही, त्यांनी सोसायटीची दगडी भिंत न्याहाळावी. ग्रॅनाइट घोस्ट नावाचा करडा, ठिपकेदार चतुर पंख पसरून दगडाला असा चिकटतो की हलेपर्यंत कळत नाही. त्याच्या अळ्या सिमेंटच्या उघड्या टाकीतही वाढतात आणि डासांच्या अळ्या फस्त करतात. तेव्हा टाकी धुवायला माणूस बोलावण्याआधी एकदा आत डोकावा.