पेडर रोडच्या चढावर

श्रोतेहो, नमस्कार.

जानेवारीचा तिसरा रविवार म्हणजे मुंबई मॅरेथॉन. २००४ पासून हे सुरू आहे. धावणाऱ्यांसाठी सल्ले पुष्कळ आहेत. आज मला बोलायचंय ते रस्त्याच्या कडेला उभं राहणाऱ्यांशी.

बहुतेक जण सीएसएमटीजवळ, शर्यत संपते तिथं गर्दी करतात. फोटो छान येतात, कबूल. पण तिथं पोचलेल्या माणसाला तुमच्या टाळीची गरज फारशी उरलेली नसते, समोर कमान दिसत असते. गरज असते ती अलीकडे, पेडर रोडवर. पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. हाजी अलीकडून परतताना पेडर रोडचा चढ लागतो तो साधारण पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास. एरवी हा चढ बसमधून जाणवतही नाही. पण तोवर स्नायूंमधली साठवलेली साखर संपत आलेली असते, पोटऱ्यांत गोळे येतात, ऊन चढलेलं असतं. माणसं पळायची थांबतात ती इथं.

तिथल्या रहिवाशांना हे पक्कं कळलंय. इमारतींतून आजी-आजोबा, पोरंटोरं खाली उतरतात. कुणाच्या ताटात सोललेल्या संत्र्याच्या फोडी, कुणाकडे मीठ, कुणाकडे चिक्की. पालखीच्या वाटेवर गावं वारकऱ्यांसाठी उभी राहतात ना, तसंच. मार्गात अधूनमधून फेरफार होतात, तेव्हा आदल्या दिवशी नकाशा पाहून घ्या.

दुसरी जागा माहीमची. वांद्रे-वरळी सी-लिंकवर पायी जायला एरवी बंदीच, त्यामुळे साडेपाच किलोमीटर कडेला प्रेक्षक नाहीत. समुद्राचा वारा आणि बुटांचा आवाज. तिथून उतरून माहीमला आलेल्या माणसाला एखादा ढोल ऐकू आला तरी तो हसतो.

आता ओरडायचं काय? छातीवर क्रमांकाचा कागद लावलेला असतो, त्याला बिब म्हणतात; त्यावर नाव छापलेलं असतं, ते वाचा. अनोळखी माणसानं नावानं हाक मारली की मान वर होतेच. नाव दिसलं नाही तर ‘चला काका’, ‘शाब्बास ताई’ आहेच. फक्त एक खोटं बोलू नका: ‘थोडंच राहिलंय!’ पेडर रोडवर अजून सात किलोमीटर बाकी असतात आणि पळणाऱ्याला ते नेमके ठाऊक असतात. ‘चढ संपला, पुढं उतार आहे’ असं सांगा, पण खरोखर चढाच्या माथ्यावर उभे असाल तरच.

द्यायचं ते हात लांब करून, तळहातावर. केळ्याची साल रस्त्यावर पडू देऊ नका, मागचा घसरतो. आणि सेल्फीसाठी रस्त्यात उतरू नका. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ब्राझीलचा व्हांडरलेई डी लिमा सगळ्यांच्या पुढं होता. तिथंही पस्तिसाव्या किलोमीटरच्याच सुमारास एक प्रेक्षक धावत आला आणि त्यानं त्याला रेटत गर्दीत ढकललं. त्याला सोडवलं तेही प्रेक्षकानंच, पॉलिव्हिओस कोसिवास नावाच्या ग्रीक माणसानं. डी लिमा पुन्हा पळाला, तिसरा आला आणि मैदानात शिरताना विमानासारखे हात पसरून आला. ढकलणारा आणि सोडवणारा, दोघेही आपल्यासारखे कडेला उभे होते.

इथिओपिया-केनियाचे धावपटू बघायला मिळतील, जरूर बघा. एक किलोमीटर तीन मिनिटांच्या आसपास, म्हणजे टाळीला हात उचलेपर्यंत ते केम्प्स कॉर्नरला. ते गेले की निम्मी गर्दी घरी जाते, हे मला मुळीच पटत नाही. हौशी मंडळी तर त्यानंतरही येतच असतात. सव्वादोन तासांत संपवणाऱ्याला तुमच्याशिवायही चालतं. पाच-सहा तास लागणाऱ्याच्या वाट्याला मात्र आवरायला आलेले पाण्याचे टेबल, रिकामे पेले आणि सुरू होऊ लागलेली वाहतूक येते. त्याच्यासाठी अर्धा तास जास्त थांबा.

ग्रँट रोड स्टेशनवर उतरा आणि चालत या. त्या सकाळी या भागातले बरेच रस्ते बंद असतात, टॅक्सीचा भरवसा नाही. टोपी घाला, स्वतःसाठी पाणी वेगळं ठेवा. आणि संत्री घरूनच सोलून आणा, तिथं सोलायला सवड मिळत नाही.

नमस्कार.