काळी आणि पांढरी

(ब्रिस्बेनमधल्या मराठी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर माझा विषय 'टुवूम्बा : वाढती वस्ती, घरं आणि पायाभूत सुविधा' असा छापलाय. त्यावर मी बोलणार आहेच, पण त्याआधी एक सांगा, ४९१ व्हिसावर, म्हणजे 'रीजनल' भागात राहायच्या अटीवर मिळणाऱ्या तात्पुरत्या व्हिसावर, आलेले किती जण आहेत? हात वर करा. बघा, पहिल्या दोन रांगा जवळजवळ सगळ्या! म्हणजे तीन वर्षं 'रीजनल'मध्ये राहिल्याशिवाय तुम्हाला कायमचं राहता येणार नाही. सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन सोडलं तर व्हिसाच्या हिशेबात सगळा ऑस्ट्रेलिया रीजनलच. तुमच्यातले बरेच जण इथून सव्वाशे किलोमीटरवर, घाट चढून टुवूम्बाला घर शोधायला येणार. म्हणून हे सगळं तुमच्यासाठी आहे.

मी लातूर जिल्ह्यातला. आयुष्यभर पाणीपुरवठ्याचं काम केलं. टुवूम्बाला आलो २००४ मध्ये, आणि पहिल्याच आठवड्यात गाडी काढून शहराच्या पश्चिमेला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन, हाताचा पंजा आत जाईल एवढ्या भेगा, आणि तिच्यात उभी ज्वारी! ज्वारी पाहून मी गाडी कडेला लावली आणि खाली उतरलो. इथली बरीचशी ज्वारी जनावरांच्या खाद्याला जाते, पण कणीस ते कणीसच. डार्लिंग डाऊन्स म्हणजे टुवूम्बाच्या पश्चिमेचं पठार, त्याची ही काळी माती बेसाल्टपासून झालेली, म्हणजे आपल्या दख्खनच्या काळ्या कातळापासून झाली तशीच. तिच्यात हरभरा पिकतो, कापूसही पिकतो. पाऊस पडला की फुगते, उन्हात आकसते आणि फाटते. मराठवाड्यातल्या माणसाला ती शिकवावी लागत नाही.

आणि शहर आहे घाटमाथ्यावर, समुद्रसपाटीपासून जवळजवळ सातशे मीटर उंचीवर. आपला सह्याद्री पश्चिमेला तुटलेला, तर इथला डोंगर पूर्वेला. पूर्वेकडे कडा, खाली लॉकियर खोरं. पश्चिमेकडे हळूहळू उतरत जाणारं पठार. महाबळेश्वरला पडलेला पाऊस जवळच्या कोकणात न जाता कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जातो. तसंच टुवूम्बात पडलेलं पाणी प्रशांत महासागराकडे पाठ फिरवतं, गावरी क्रीक नावाच्या ओढ्यातून कंडमाइन नदीला, तिथून डार्लिंग, मरी, आणि पार साऊथ ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याकडे निघतं. शहराजवळ मोठी नदी नाही, कारण नद्या इथून सुरू होतात. घाटमाथ्यावरच्या शहराचं दुखणं हेच असतं.

कॅनबेरा सोडलं तर देशात समुद्रापासून आत वसलेलं सगळ्यात मोठं शहर हे. २००८ मध्ये आठ कौन्सिलं, म्हणजे स्थानिक पालिका, एकत्र करून आजची प्रादेशिक कौन्सिल झाली, आणि २०२१ च्या जनगणनेत तिची वस्ती १ लाख ७३ हजारांच्या घरात होती. एवढी माणसं अशा जागी राहतात जिथे पाणी आपण होऊन येत नाही. ते चढवावं लागतं. पर्सिव्हिअरन्स, क्रेसब्रुक आणि कूबी ही तीन धरणं, तिन्ही शहराच्या पातळीखाली. माउंट कायनॉखच्या शुद्धीकरण केंद्रात जाणारा प्रत्येक थेंब पंपानं वर येतो.

आता २००६ ची गोष्ट. ही मी प्रत्येक सभेत सांगतो, आणि सांगत राहणार.

दुष्काळ होता. तिन्ही धरणं आटत चालली होती. टुवूम्बा फुलांचं शहर. १९५० पासून दर वर्षी फुलांचा उत्सव भरतो, आणि त्या शहरात बागेला नळी लावायला बंदी येत होती. शेजारच्या बाई आंघोळीचं पाणी बादलीत धरून गुलाबांना घालायच्या. सत्तरी ओलांडलेल्या, तरी दोन्ही हातांत दोन बादल्या. मी एकदा मदतीला गेलो तर म्हणाल्या, ही बादली माझी, तू तुझी भर. मी आमच्या न्हाणीघरातली भरून आणली. मग रोजच नेऊ लागलो.

तेव्हाच्या महापौर डाय थॉर्ली यांनी योजना मांडली : शहराचं सांडपाणी अतिसूक्ष्म गाळण्यांतून पूर्ण शुद्ध करायचं आणि पुन्हा धरणात सोडायचं, म्हणजे पिण्याच्या पाण्यातला सुमारे पाव हिस्सा त्यातून येईल. खर्च सुमारे ६ कोटी ८० लाख डॉलर. केंद्र सरकारनं आपला वाटा देण्यासाठी अट घातली, आधी लोकांचं मत घ्या. झालं! 'सिटिझन्स अगेन्स्ट ड्रिंकिंग सूएज', म्हणजे सांडपाणी पिण्याविरुद्धचे नागरिक, नावाचा गट उभा राहिला, आणि शहर दोन तुकड्यांत फाटलं. दुकानात, चर्चच्या दारात, मुलांच्या क्रिकेटच्या मैदानावर दुसरा विषय नाही. बाहेरच्यांनी शहराचं नाव बिघडवून घाणेरडं टोपणनाव पाडलं. मुलांना शाळेच्या सहलीत ते ऐकावं लागे. २९ जुलै २००६ ला मतदान झालं. शंभरातल्या सुमारे बासष्टांनी नको म्हटलं.

मी तेव्हा नागरिक नव्हतो, मला मत नव्हतं. पण मी पाण्याचा माणूस. शेजारच्या बाईंनी मला सरळ विचारलं, तू सांग, ते पाणी तू पिशील का? मी म्हटलं, पिईन, आणि माझ्या मुलीलाही देईन. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, तुझ्यावर माझा विश्वास आहे, पण त्या पाण्यावर नाही. त्यांनी 'नको' मत दिलं. मी त्यांच्यावर कधी रागावलो नाही. त्यांना कुणी वर्षभर आधी बोलावून गाळण्या दाखवल्या नव्हत्या. आधी मतपत्रिका आली, माहिती मागून आली. माझी तक्रार तेवढीच आहे, आणि ती आजही आहे.

पुढे काय झालं? २०१० च्या सुरुवातीला धरणांत दहा टक्क्यांपेक्षाही कमी पाणी उरलं. तोवर विवनहो धरणातून क्रेसब्रुकपर्यंत ३८ किलोमीटरची नळवाट टाकावी लागली होती. खर्च १८ कोटी डॉलरहून जास्त, पहिल्या योजनेच्या अडीचपटीपेक्षाही अधिक. विवनहोचं पाणी सत्तर मीटरपेक्षाही कमी पातळीवर, क्रेसब्रुकचं दोनशे ऐंशीच्या आसपास, आणि शहर सातशेवर. खोपोलीहून लोणावळ्याला पाणी चढवलं तर जेवढी चढण होईल त्याहून ही थोडी जास्तच. टाटांनी १९१५ मध्ये लोणावळ्याकडचं पाणी खोपोलीला खाली सोडून मुंबईसाठी वीज काढली. आम्ही उलट वीज खर्चून पाणी माथ्यावर नेतो. आणि विवनहो म्हणजे तुमचं ब्रिस्बेनचंच धरण बरं का! त्यात शुद्ध केलेलं सांडपाणी सोडायची सगळी यंत्रणा इथे बांधून तयार होती. २००८ च्या नोव्हेंबरात राज्याच्या तेव्हाच्या प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, ॲना ब्लाय यांनी ठरवलं की धरणं चाळीस टक्क्यांच्या खाली गेली तरच ती वापरायची.

नळवाट झाली, आणि वर्षभरातच १० जानेवारी २०११ उजाडला, सोमवार. दुपारी ढग फुटले. ईस्ट क्रीक आणि वेस्ट क्रीक शहराच्या मध्यातच एकत्र येतात, एरवी पाय भिजणार नाहीत एवढ्या, त्यांनी भर बाजारातून मोटारी वाहून नेल्या. माणसं गेली. त्याच पावसानं घाटाखालचं ग्रँटम गाव उद्ध्वस्त केलं. तिथल्या कौन्सिलनं मात्र एक गोष्ट केली जी वेळ असता तर मी नकाशासकट तुम्हाला दाखवली असती : टेकडीवर जमीन घेतली, पुरात बुडालेल्या प्लॉटच्या बदल्यात वरचा प्लॉट दिला, आणि वर्ष संपायच्या आत पहिली कुटुंबं वर राहायला गेली. रस्ता आणि नळ आखूनच प्लॉट वाटले. मी इतकी वर्षं जे सांगतोय ते तिथे झालं.

आता माझ्या घराचं सांगतो, कारण शीर्षक तिथूनच आलंय. २००९ मध्ये आम्ही शहराच्या पश्चिमेला नव्या वसाहतीत घर घेतलं. जुनं शहर लाल मातीवर आहे. पूर्वेला कडा, म्हणून वाढ पश्चिमेला आणि उत्तरेला, आणि पश्चिमेला काळी माती. पहिला हिवाळा कोरडा गेला आणि मुलीच्या खोलीचं दार लागेना. मग न्हाणीघराच्या फरशीत भेग, मग बैठकीच्या भिंतीत जिन्यासारखी तडकत गेलेली दुसरी भेग. पाऊस झाला की दार आपोआप लागायचं! बांधणारा म्हणाला, पायाची स्लॅब नियमाप्रमाणे आहे, बागेला सारखं पाणी घाला म्हणजे माती हलणार नाही. ज्या शहरात बागेला पाणी घालायला बंदी येते तिथे!

२०१३ मध्ये आई आली. ऐंशीची, शाळेत न गेलेली. भिंतीवरून बोट फिरवत गेली आणि म्हणाली, "काळ्या रानात घर बांधलास व्हय रे? ही माती निवांत बसत नसती." मग मला तिनं विचारलं, "हितली पांढरी कुठाय?"

मंडळी, शिकून-सवरून मी हे विसरलो होतो. आपल्या गावाचे दोन भाग, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे गावठाण, जिथे घरं बांधायची. जुन्या कागदपत्रांत हे शब्द जागोजागी आहेत. पिकाची माती घरांत घालवायची नाही आणि हलत्या मातीवर भिंत उभी करायची नाही, दोन्ही हिशेब त्या एका जोडशब्दात होते. टुवूम्बाची पांढरी म्हणजे तिथली लाल माती. आणि आज आपण देशातल्या उत्तम काळ्या जमिनीवर घरं पेरत चाललोय. त्यात त्या मातीत पुरलेले नळही भिंतींसारखेच तडकतात. कोरड्या वर्षात माती आकसते, नळाचे सांधे निखळतात. म्हणजे नेमकं पाणी नसतं तेव्हा पाणी गळतं.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय, दहा मिनिटं. बरं. मुख्य मुद्दे भराभर घेतो.

पहिला, पैसा. नवी वसाहत झाली की तिचा नळ, सांडपाण्याची वाहिनी, रस्ता, बगीचा यांसाठी कौन्सिल विकासकाकडून शुल्क घेते. क्वीन्सलँड सरकारनं २०११ मध्ये त्यावर कमाल मर्यादा घातली, तीन किंवा जास्त बेडरूमच्या घराला २८ हजार डॉलर. पुढे ती वाढत गेली, पण मर्यादा आहेच. लाल मातीवर शहराच्या आत बांधलेलं घर आणि काळीत दहा किलोमीटर बाहेर बांधलेलं घर यांचा खरा खर्च कुठे सारखा असतो? मर्यादेच्या वरचा खर्च सगळे घरपट्टीतून भरतात. माझी मागणी एवढीच : शुल्क नळाच्या लांबीवर आणि चढणीवर ठरवा.

दुसरा, घरं कमी आहेत हे मला मान्य आहे. गेल्या काही वर्षांत भाड्यानं रिकामी मिळणारी घरं शंभरात एकाहूनही कमी होती. टुवूम्बात आलेल्या इराकमधल्या यझिदी निर्वासित कुटुंबांना, विद्यापीठातल्या मुलांना, तुम्हाला छप्पर पाहिजेच. पण जुन्या भागातल्या रुंद प्लॉटांवर दोन-तीन मजली घरं होऊ शकतात. नळ तिथे आहे, माती शांत आहे.

तिसरा, वाहतूक. मोठी कामं झाली : २०१४ मध्ये वेलकॅम्पचा खाजगी पैशानं बांधलेला विमानतळ, २०१९ मध्ये ४१ किलोमीटरचा बायपास, त्यामुळे अवजड ट्रक शहराबाहेर गेले. पण १८६७ पासून जिथे रेल्वे आहे त्या शहराला ब्रिस्बेनहून प्रवासी गाडी आठवड्यातून दोनदा, तीही चार तास घेणारी. नव्या वसाहतींत बस नाही म्हणून घरटी दोन-तीन मोटारी. मेलबर्न ते ब्रिस्बेन अशी मालवाहू इनलँड रेल डोंगराखालून बोगद्यानं जायची होती, तूर्त काम न्यू साऊथ वेल्समधल्या पार्क्सपर्यंतच पुढे सरकतंय.

चौथा, पाणी. विवनहोचंच पाणी आता टुवूम्बाच्या वाटेनं दक्षिणेला वॉरविकपर्यंत न्यायचं काम हाती घेतलंय. एका धरणावर किती शहरं टांगायची? २०१६ मध्ये मिरजहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, साडेतीनशे किलोमीटरवरून. त्या गाडीची बातमी मी टुवूम्बात बसून पाहिली आणि झोपलो नाही. २००६ ची योजना पुन्हा मांडा, आणि या वेळी आधी वर्षभर लोकांना प्रकल्प दाखवा. बाटलीत भरून घरोघरी वाटायला मी स्वतः येईन.

चिठ्ठी दुसरी आली. तेवढं एक कामाचं सांगतो. मोठ्या प्रकल्पाचा अर्ज आला की त्या जमिनीवर फलक लावावा लागतो, आणि लेखी म्हणणं द्यायला किमान पंधरा कामाचे दिवस असतात. त्यासाठी तुम्ही नागरिक असण्याची अट नाही. ४९१ वालेही देऊ शकतात. २००६ मध्ये मला मत नव्हतं. तुम्हाला आज पत्र लिहिता येतं.

मागे टेबलावर मी मातीचा नकाशा पसरून ठेवलाय. लाल भाग लाल पेन्सिलीनं रंगवलाय, काळी काळ्या. जेवायला जाताना ज्यांनी घर बघून ठेवलंय त्यांनी आपला रस्ता शोधा, आणि न सापडला तर मला हाक मारा.