तांब्यावर कोरलेली शिडं

कागद जेमतेम वीतभर रुंद. त्यावर नांगर टाकून उभी असलेली जहाजं आणि बाकी सगळं आकाश. चित्रकार आहे रेनिअर नोम्स. सतराव्या शतकातला अ‍ॅमस्टरडॅमचा हा कलावंत स्वतःला ‘झेमान’ म्हणवायचा. झेमान म्हणजे दर्यावर्दी, आणि चित्रांवर सहीही तो याच नावाने करायचा.

जरा जवळून पाहू. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणारे हे जाड दोर. त्यांच्यामध्ये शिडीच्या पायऱ्यांसारख्या बांधलेल्या बारीक दोऱ्या, ज्यांवरून खलाशी वर चढायचे. गुंडाळलेलं शीड कुठे सैल आहे, कुठे आवळलंय, हेही कळतं. हे सगळं एका सुईचं काम आहे.

तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा पातळ लेप द्यायचा. सुईने तो खरवडत चित्र काढायचं आणि पत्रा आम्लात सोडायचा. लेप निघालेल्या जागी आम्ल तांबं खातं आणि रेघ खोल जाते. दूरची गलबतं फिकट हवीत, म्हणून पत्रा लवकर बाहेर काढून त्या रेघा झाकायच्या. मग जवळच्या जहाजासाठी पत्रा पुन्हा आम्लात. नंतर खाचांमध्ये शाई भरायची, वरची पुसून टाकायची आणि ओलसर कागद ठेवून पत्रा दाबयंत्रातून फिरवायचा. छाप उलटी उमटते, त्यामुळे जहाजाखालचं नावसुद्धा पत्र्यावर उलट्या अक्षरांत कोरावं लागायचं.

मला वाटतं, या तंत्राला जहाजाइतका चांगला विषय मिळाला नसता. ताणलेला दोर ही मुळातच एक रेघ असते. खरी कसोटी लागते ती पाण्याची, कारण पाण्याला कड नसते. नोम्स तिथे हात आखडता घेतो. चार-दोन आडव्या रेघा, जहाजाच्या पोटाखाली थोडी सावली, आणि बाकी कोरा कागद. आपल्याला मात्र तिथे पाणीच दिसतं.

१६५०च्या दशकात नोम्सने जहाजांची आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या दृश्यांची एक चित्रमालिका छापली. लढाया आणि राजेरजवाडे बाजूला ठेवून त्याने रोज राबणारी जहाजं काढली. त्यांत ‘फ्लौट’ हे मालवाहू जहाज आहे. पोट फुगीर, वरचा डेक अरुंद, माल भरपूर आणि खलाशी कमी. डच व्यापाराचा मोठा भार अशाच जहाजांनी वाहिला. याच डचांनी १६३७ मध्ये आपल्या वेंगुर्ल्यात वखार उघडली होती.

नोम्सचा समुद्र शांत. लुडॉल्फ बाकहौझनचा मात्र खवळलेला. हा आजच्या जर्मनीतल्या एमडेन गावाहून अ‍ॅमस्टरडॅमला आला तो एका व्यापाऱ्याकडे कारकुनी करायला. अक्षर सुंदर होतं, तोच हात पुढे चित्रांकडे वळला. वादळाची चिन्हं दिसली की तो होडी करून समुद्राच्या तोंडाशी जायचा आणि लाटा पाहून घ्यायचा, असं त्याचा चरित्रकार हौब्राकेन सांगतो. आयुष्यभर तैलचित्रं काढलेल्या या माणसाने १७०१ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, स्वतः कोरलेली समुद्रदृश्यांची मालिका छापली. तिथे लाटेच्या पाठीवरून रेघा वळत जातात, शिडं वाऱ्याने तट्ट फुगलेली असतात आणि एका बाजूला कललेलं जहाज आता सावरेल की नाही, ते कळत नाही. त्या वयात अशी वळणदार रेघ ओढणारा हात किती स्थिर असेल!

नोम्स १६६४ मध्ये गेला. त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी पॅरिसमध्ये शार्ल मेरियों नावाचा एक तरुण त्याची चित्रं समोर ठेवून, रेघ न रेघ गिरवत कोरायला शिकत होता. मेरियों फ्रेंच नौदलातला माजी अधिकारी. रंग नीट ओळखता येत नसल्यामुळे त्याने रंगचित्रं सोडून सुई आणि तांबं धरलं. पुढे त्याने पॅरिसवरची आपली गाजलेली मालिका कोरली, आणि ती अर्पण केली रेनिअर नोम्सला, ‘झेमान’ या नावाचा आवर्जून उल्लेख करून.